जमिनीवरचं पान

शनिवार, संध्याकाळ, अ‍ॅशबर्न

जखमी सैनिकांच्या मदतीसाठी आज हायस्कूलमध्ये माओरी आदिवासींच्या नाचगाण्यांचा कार्यक्रम होता. आमच्या मराठी मंडळाकडे वड्यांचं काम होतं, मी तेवढ्यासाठीच गेले होते. मितालीने हट्टाने पहिल्या रांगेत बसवलं, सैनिकांच्या शेजारी. लेकीचा तो हट्ट बघूनच कळायला हवं होतं.

सुरुवातीला एक माओरी योद्धा भाला फिरवत आला आणि त्याने पाहुण्यापुढे जमिनीवर एक पान ठेवलं. पाहुण्याने योद्ध्यावरची नजर न काढता ते उचलायचं, म्हणजे मैत्रीने आलोय, अशी त्यांची रीत. पाहुण्याचा मान व्हीलचेअरवरच्या सैनिकाला होता. वय मितालीएवढंच, दोन्ही पाय नाहीत. त्याला वाकता येईना, म्हणून त्याने शेजारी बसलेल्या मितालीला खूण केली. तिने ते पान उचललं. पापणीही लवली नाही तिची. मी मात्र त्याच्या पँटच्या दुमडलेल्या कडा बघत होते.

महिनाभर टाळलेला प्रश्न मग पार्किंगमध्ये, गाडीत बसल्यावर विचारला. "मिता, आर्मीचा फॉर्म भरलास का?"

"आय साइन्ड, आई. मेडिक म्हणून, जखमींवर उपचार करायला. लूक अ‍ॅट मी, प्लीज."

तिच्या मांडीवर ते पान होतं. मी पानाकडेच बघत राहिले. तिच्याकडे बघायला का घाबरले मी?

आता चहा हवाय. दूध फ्रिजमध्ये आहे, आणि फ्रिजच्या दारावर तिने ते पान लावलंय. मी अजून उठलेले नाही.