आदिनाथ फॅक्टर

४ फेब्रुवारी
वीट आला. एकाच पेशंटच्या रक्ताचा वेग माझ्या वडवणीच्या सोनोग्राफी सेंटरवर वेगळा आणि अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात वेगळा. माझा कायम जास्त. कंपनीचा इंजिनिअर चहा पिऊन गेला. म्हणे, मशीन ठीक आहे. अशा लोकांची किळस येते. मशीनच बिघडलंय.

७ फेब्रुवारी
उपाय सापडला. चाळीस पेशंटचे आकडे ताडले. माझा आकडा १.४ ने भागला की जुळतो. (सात जण सोडून. ते पेशंटच विचित्र होते.) माझंच नाव ठेवलं, आदिनाथ फॅक्टर. उद्या पेटंटची चौकशी.

१२ फेब्रुवारी
पेटंट राहिलं. योगिता फॉर्म भरते, पेशंटला टेबलावर झोपवते. आज मला म्हणाली, "सर, स्क्रीनवरची रेघ शिरेच्या दिशेनं ठिवायची असती ना? तुमची तिरपीच ऱ्हाती." मशीनच्या पुस्तकात आहे म्हणे, कोन साठ अंशांच्या आत ठेवा, नाहीतर वेग फुगतो. बी.ए. झालेली बाई मला भूमिती शिकवणार. जेवण गेलं नाही. फॅक्टर असताना कोन कशाला बघायचा?

१८ फेब्रुवारी, सकाळी ११
तेलगावकडचा मेंढपाळ, बंकट. अंगाला मेंढरांचा वास. खिडकी उघडायला लावली. परवा अर्धा तास त्याचा उजवा हात चालेना, बोलता येईना. मग आपोआप ठीक. मानेच्या शिरेचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी. योगितानेच त्याची मान वळवली. वाद नको म्हणून रेघही तिच्या म्हणण्याप्रमाणे ठेवली. मशीन म्हणालं वेग ३००, म्हणजे शीर बरीचशी बंद. भागिले १.४, २१४. मध्यम. रिपोर्टमध्ये तेच लिहिलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.
बंकट म्हणाला, "परत हात गेला तर मेंढरं कोन सांभाळंल?"
सांगितलं, घाबरू नका, आकडा अचूक आहे.

१९ फेब्रुवारी
योगिताने काल बंकटला मशीनची मूळ प्रिंट दिली आणि अंबाजोगाईच्या एसटीत बसवून दिलं. मला न विचारता. तिला काढून टाकायचं पत्र लिहायला घेतलं.
संध्याकाळी तिथल्या डॉ. प्रियदर्शनींचा फोन. त्यांच्याकडे वेग ३०५. ऑपरेशनसाठी लगेच पुढे पाठवतायत. १.४ कुठून आला, विचारलं. म्हणालो, चाळीस पेशंटवरचं संशोधन. "संशोधन?" असं त्यांनी दोनदा विचारलं. लाइन खराब असावी. मग म्हणाल्या, बाकीची चाळीस चित्रं पाठवा. अखेर कुणीतरी दखल घेतली.

२२ फेब्रुवारी
दखल अशी : चाळीसही चित्रांत कोन सत्तरच्या वर, म्हणून वेग फुगलेला. फक्त बंकटचा कोन बरोबर, आणि तोच आकडा मी भागला. शिसारी आली. कुणाची ते ठरवलेलं नाही. फॅक्टर तात्पुरता स्थगित. योगिताचं पत्र फाडलं, टायपिंगच्या चुका होत्या.

१६ मार्च
बंकट आला. मानेवर टाक्यांची खूण, हात शाबूत. सोबत नवी घोंगडी. मी हात पुढे केला.
"त्या बाई कुठं हायत?" त्याने विचारलं.
घोंगडी योगिताला गेली. तशीही घोंगडीला मेंढरांचा वास येत होता.

२८ मार्च
अंबाजोगाईला गेलो. डॉ. प्रियदर्शनींनी माझी चित्रं शिकवायला घेतली आहेत. बोलावलं नव्हतं, पण संशोधकाने हजर राहावं. मागच्या बाकावर बसलो. माझं नाव कुठेच नव्हतं. विद्यार्थी एकेका चित्रातली चूक दोन सेकंदांत सांगत होते. बाराव्या चित्राला शेजारची तेजश्री नावाची मुलगी म्हणाली, "शी, असं कोण करतं?"
वर्गातल्या सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. मीही केलं.