लोडातल्या गोधड्या

भरे, डिसेंबर २००४, रविवार

जुन्या मॅटाडोरचं फिरतं घर झालं, कोकणात जायचं ठरलं आणि सासूबाई अडून बसल्या. "गोधड्यांना जागा न्हाई, तर मी बी येनार न्हाई!" हे म्हणाले, टपावर बांधू. धुळीत? मुळीच नाही, असं सासूबाईंचं म्हणणं!

आज सासूबाईंना गाडीत नेऊन बसवलं. लोडाला ऐसपैस टेकून म्हणाल्या, "लोड लई मऊ हाय गं. पर गोधड्या कुटं हायेत?"

आधीच सांगायला हवं होतं का? छे, सांगून पटलं असतं थोडंच! मी गुपचूप त्यांच्या पाठीमागच्या लोडाची नाडी सोडली आणि आतली गोधडी ओढून दाखवली.

त्यांनी डोळे वटारले. मग घरात गेल्या आणि स्वतःची, लग्नातली गोधडी घेऊन आल्या.

"ही बी कोंब लोडात. आन् खिडकीची जागा माझी हाय."