बघणारे : एक

२ जानेवारी
कालपासून लिहिणार होतो, पण वही सापडेना. शेवटी गिटारच्या खोक्यात मिळाली. (गिटार: तीन क्लास झाले, मग बोटं दुखायला लागली.)
बायको भावाकडे जाऊन आज अकरा दिवस. हवापालट. दोन बॅगा आणि शिवणयंत्र नेलंय, म्हणजे जरा मोठा हवापालट आहे इतकंच. जाताना दारात म्हणाली, "आयुष्यात एक गोष्ट तरी शेवटपर्यंत करून दाखव." दाखव म्हणाली. म्हणजे ती बघणार आहे. मी तिच्या बोलण्याकडे लक्ष देत नाही, हा तिचा आरोप किती खोटा आहे ते इथे दिसतं.
निर्णय: डिसेंबरमधली डोंगरातली अल्ट्रामॅरेथॉन. ऐंशी किलोमीटर, वेळ सतरा तास. फॉर्म भरून टाकला. याआधीचं सर्वांत लांब धावणं: स्टॉपवर न थांबलेल्या बसमागे, अर्ध्या चौकापर्यंत.

९ जानेवारी
१.४ किमी. बुटात दोष आहे.
घड्याळ मस्त. लाइव्ह लिंकची सोय आहे. निघताना लिंक पाठवायची, मग घरच्यांना नकाशावर आपला निळा ठिपका सरकताना दिसतो. किती जण बघतायत तो आकडा मला मनगटावर. फॅमिली ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये चौघं: मी, बाबा, ताई आणि ती. ती ग्रुपमधून बाहेर पडलेली नाही, याची नोंद घ्यावी.
बघणारे: ०. पहिलाच दिवस आहे.

१९ जानेवारी
काल ताई येऊन गेली. बाबांना फोनमधलं काहीतरी तासभर शिकवत बसली होती. पालथ्या घड्यावर पाणी.
आज २.८ किमी. आणि बघणारे: १!!
शांतपणे विचार केला. ताईला जुळी मुलं, ती मेसेज तीन दिवसांनी वाचते. बाबा फोन उलटा धरून हॅलो म्हणतात. राहिलं कोण?
शेवटचे दोनशे मीटर पोट आत घेऊन धावलो. ठिपक्याला पोट नसतं, हे नंतर लक्षात आलं.

११ फेब्रुवारी
रोज एक. कधी दोन नाही, कधी शून्य नाही. अशी निष्ठा.
बाबांचा मात्र त्रास. डेपोत कंट्रोलर होते ते. चौतीस वर्षं खिडकीत बसून कुठली बस किती वाजता सुटली आणि किती वाजता आली ते लिहिलं. शेवटची गाडी आत आल्याशिवाय कंट्रोलरने जागेवरून उठायचं नाही, हा त्यांचा धर्म. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, पण अजून मी दारातून आत आलो की खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणतात, "आली गाडी." मग जेवायला उठतात. शुगर आहे, वेळेवर जेवा, असं शंभरदा सांगून झालं. ऐकतील तर शपथ. आणि ताई मला बोलते.

६ मार्च
डोंगराची तयारी म्हणजे चढ, आणि चढ म्हणजे जिने. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला जिन्यांची काय कमी? चौदा मजल्यांच्या इमारतीत दरवाजाचा सेन्सर बिघडला होता. वीस मिनिटांचं काम. लिफ्ट आणखी दीड तास बंद ठेवली आणि सात वेळा वर-खाली केलं.
नवव्या मजल्यावरच्या बाई दोन्ही हातांत सामान घेऊन चढत होत्या. पहिल्या वेळी मी त्यांना प्रोत्साहन दिलं. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या कंपनीचं नाव विचारलं.

८ मार्च
सुपरवायझरकडून लेखी ताकीद. मोठ्या माणसांना सुरुवातीला विरोध होतोच.

१४ एप्रिल, सकाळी ९:१०
१६ किमी. खरं म्हणजे पाण्याच्या टाकीपर्यंत आठ, मग तिथल्या बाकावर थोडा आडवा झालो, मग परतीचे आठ.
घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "टाकीपाशी अर्धा तास काय करत होतास? बिघाड होता काय गाडीत?" मी चाट पडलो. बुटांच्या मातीवरून ओळखलं असणार. जुन्या लोकांचं निरीक्षण दांडगं असतं.
पण मग तिनेही तो अर्धा तास बघितला असणार! ताबडतोब तिला मेसेज केला की आजच्या धावण्यातलं थांबणं हा नियोजनाचा भाग होता. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. वाचलं, एवढं पुरे.

९ जून
पहिली शर्यत. जंगलातून एकवीस किमी. शेवटून दुसरा. शेवटचा मधेच घरी गेला होता.
साठी उलटलेल्या एक बाई मला तीनदा मागे टाकून गेल्या. तीनदा कशा, ते कळलं नाही. मध्ये थांबून फुलांचे फोटो काढत होत्या म्हणे. रिटायर्ड नर्स आहेत. मी त्यांचं नाव हरीण ठेवलंय.
बघणारे: १. शेवटपर्यंत.

२१ जुलै
बाबांना नवीन व्यसन. फोन मांडीवर घेऊन बसतात आणि थोड्या थोड्या वेळाने काचेवर बोट टेकवतात. कुठलातरी गेम असणार. या वयात! त्यामुळे डोळ्यांतून पाणी येतं, लाल होतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चल म्हणाले. रविवारी नेतो म्हटलं.

२८ जुलै
रविवारी २८ किमी होतं. पुढच्या रविवारी नक्की.

४ ऑगस्ट
३२ किमी. बाबांना म्हटलं, आधी गेम बंद करा, डोळे आपोआप बरे होतील, डॉक्टरपण हेच सांगणार. ते म्हणाले, बरं.

२५ ऑगस्ट
पन्नास किलोमीटर. वेळ अकरा तासांची होती, मला अकरा तास चाळीस मिनिटं लागली. शेवटची कमान काढून टेम्पोत भरली होती, पण कमान जिथे होती तिथून मी बरोबर गेलो. मेडल दिलं नाही. हरणाने स्वतःचं काढून माझ्या गळ्यात घातलं. मी नको नको म्हटलं आणि घेतलं.
पण खरी गोष्ट ही नाही. अकरा तास चाळीस मिनिटं, दर वेळी मनगटाकडे बघितलं की बघणारे: १. चाळिसाव्या किलोमीटरला मी एका दगडावर बसून रडलो, तेव्हाही १. दिवसभर स्वतःची कामं टाकून एक जीव माझा ठिपका बघत बसला. याला प्रेम नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? आता ती येणार. आज ना उद्या येणार.
घरी पोचलो तर बाबा खुर्चीतच. ताट झाकलेलं, तसंच. "आली गाडी," म्हणाले आणि उठताना खुर्चीला धरून थोडा वेळ उभे राहिले. डोळे लालभडक. मी म्हटलं, दिवसभर फोनवर खेळलं की असंच होणार, लहान आहात का तुम्ही? भात दोन घास खाल्ला.

१२ सप्टेंबर
तिचं पत्र! नऊ महिन्यांत पहिलं. वकिलांकडून आलंय, पण मजकूर तिचाच असणार. भाषा जरा कोरडी आहे. तीस दिवसांत उत्तर मागितलंय, म्हणजे माझ्या उत्तराची वाट बघतेय.
उत्तर शर्यतीनंतर, मेडलसकट.

१४ ऑक्टोबर, सकाळी ७:५०
९ किमी. सहाव्यानंतर बघणारे शून्य. जानेवारीनंतर पहिल्यांदा. नेटवर्क गेलं असेल तिचं.
आज बाबा 'आली गाडी' म्हणाले नाहीत. खुर्चीत झोप लागलीय. झोपू दे. आधी स्ट्रेचिंग, मग चहा टाकून उठवतो.
या रविवारी डोळ्यांचे डॉक्टर. नक्की.

१९ ऑक्टोबर
बाबा झोपले नव्हते.

२४ ऑक्टोबर
सगळे येऊन गेले. डेपोतले चार म्हातारे ड्रायव्हर आले होते. एक जण म्हणाला, धुक्यात आमची गाडी चार-चार तास अडकायची, पण डेपोत शिरलं की खिडकीत तुझ्या बापाचा दिवा दिसायचा. मी मान हलवली.
तीही आली. ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून माझ्यापेक्षा जास्त रडली. बाबांवर तिचा जीव होता. फाटकापर्यंत सोडायला गेलो. बोलायचं नव्हतं, पण राहवेना. म्हटलं, वर्षभर माझा ठिपका बघत होतीस ना, मला कळत होतं.
"कसला ठिपका?" ती म्हणाली.
ही वेळ नव्हती. माझंच चुकलं. अशा दिवशी कोण कबूल करेल?

३० नोव्हेंबर
दीड महिना धावलो नाही. मोठ्या शर्यतीआधी विश्रांती घ्यायची असते, त्याला टेपर म्हणतात. पुस्तकात दोन आठवडे दिलेत. मी आठ घेतोय. बाकी लोक घाई करतात.
बाबांच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागलो होतो. आज उचलले.

१४ डिसेंबर
काल शर्यत झाली. जसं झालं तसं लिहितो.
पहाटे पाचला सुटलो. लिंक ग्रुपवर टाकली. दहा किमी, बघणारे: ०. झोपली असेल. वीस, ०. आंघोळ. पस्तिसाव्याला ऊन वर आलं, तरी ०. घड्याळ बंद करून चालू केलं. बिघाड घड्याळात नव्हता. बिघाड कुठे आहे ते शोधणं हा माझा धंदा आहे.
बावन्नाव्या किलोमीटरला चहा-पाण्याचा तंबू. तिथे हरीण, या वेळी मदतीला होत्या. मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, उकडलेला बटाटा हातात दिला. माझ्याकडे अजून सहा तास होते. पाय ठीक होते, हे लिहून ठेवतो, कारण उद्या मीच पायांवर ढकलेन. त्यांनी विचारलं, "घरी कुणी वाट बघतंय का रे?"
हो म्हणायला तोंड उघडलं, आणि पाण्याची टाकी आठवली. टाकीपाशी मी अर्धा तास पडलो होतो, हे बाबांना मी कधीच सांगितलं नव्हतं. बुटांच्या मातीवर अर्धा तास लिहिलेला नसतो.
मग ऑक्टोबरमधला सहावा किलोमीटर आठवला.
बटाटा तसाच हातात होता. हरणाने छातीवरचा नंबर पिना काढून सोडवला, घडी करून माझ्या खिशात घातला. नर्स होत्या, त्यांना कळत असावं. परत येताना जीपमध्ये शेवटून पहिला मीच होतो.

१६ डिसेंबर
ताईला फोन केला. म्हणाली, हो, मीच शिकवलं, जानेवारीत. तीन वेळा कागदावर लिहून दिलं होतं. मला का नाही सांगितलंत म्हटलं, तर म्हणाली बाबांनीच शपथ घातली होती. "कंट्रोलर बघतोय कळलं की ड्रायव्हर उगाच जोरात मारतो आणि कुठेतरी आपटतो. त्याला सांगू नकोस," असं म्हणाले होते.
वकिलांच्या पत्रावर सही करून पाठवलं. ती बघत नव्हती. ती कधीच बघत नव्हती. तिने तसं सांगितलंही होतं, सरळ तोंडावर.

३१ डिसेंबर
वर्षाचा आढावा. एकूण १,१८७ किमी. शर्यती तीन, अधिकृतपणे पूर्ण एक. मेडल एक, दुसऱ्याचं. बायको नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेले रविवार: शून्य.
संध्याकाळी बाबांचा फोन चार्जिंगला लावला. काचेवर मधोमध एक जागा बोटाने घासून मंद झालीय. ताईचा कागद कव्हरमध्ये घडी करून ठेवलेला. त्याप्रमाणे लिंक उघडली, फोन खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवला, बूट घातले आणि खाली उतरलो.
बघणारे: १.
मूर्खपणा आहे, कळतंय मला. तरी कोपऱ्यापर्यंत बरा धावलो. मग शून्य झालं.
वर येऊन बघितलं. फोन बिघडला नव्हता. हात लावला नाही तर त्याची काच दोन मिनिटांनी काळी होते आणि लिंक तुटते. बोट टेकवत राहावं लागतं. सेटिंगमध्ये वेळ वाढवता येते, अर्ध्या मिनिटाचं काम, पण ते ताईच्या कागदावर नव्हतं आणि मला विचारलं असतं तर मला कळलं असतं.
अकरा तास चाळीस मिनिटं म्हणजे सातशे मिनिटं. दर दोन मिनिटांनी एकदा. साडेतीनशे वेळा.
आणि मी म्हटलं होतं, खेळत बसू नका.
आजचं अंतर: ०.३ किमी. भात गार झालाय. ताट वाढून घेतलंय, पण जेवायला बसवत नाही. कुठलीतरी गाडी अजून आत यायची आहे असं वाटतंय.