कपाटभर फिल्मा खिशात

प्रिय गुपचूपराव,

शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली, काय म्हणावं! पण तोंडानं विचारलं की तू म्हणतोस, काही नाही गं आई. तुझं हे ‘काही नाही’ मी तू रांगत होतास तेव्हापासून ओळखते. तोंडात माती भरलेली असायची तेव्हाही काहीच नसायचं. अक्षराला हसू नकोस. गावच्या शाळेत मास्तर जेवढं शिकवून गेले तेवढ्यावरच चाललंय माझं, आणि तुझ्यासारख्या शिकलेल्याला पकडायला तेवढं पुरतं.

तुझे बाबा लोकांच्या लग्नांचं शूटिंग करायचे, आणि नवीन कॅमेरा आला की तो आधी आपल्या घरावर चालवून बघायचे. म्हणून तर कपाटभर फिल्मा साठल्या. ते गेल्यापासून त्या कपाटाला कुणी हात लावला नव्हता. मग हल्लीच तुला असा काय पुळका आला? कामावरून आलास की पायही न धुता कॉम्प्युटरपुढे बसतोस. त्याचा पंखा घरघरत असतो, पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत असते आणि तू तिच्याकडे असा बघतोस जसं दूध उतू जाणार आहे. विचारलं तर म्हणालास, मोठ्या फिल्मा मोबाईलमध्ये मावत नाहीत, अडखळतात, म्हणून लहान करतोय. मी म्हटलं, लहान केल्यावर उरलेलं जातं कुठं? तर म्हणे, डोळ्याला जाणवत नाही तेवढंच काढतात, बाकी सगळं तसंच राहतं. वा रे वा! कुणाला जाणवणार नाही तेवढंच काढायचं, ही तर चोराची रीत झाली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंगा शिरला. बाहेरच्या खोलीत भिंतभर टीव्ही आहे, त्यावर या फिल्मा ऐसपैस दिसतात. मग त्या तळहाताएवढ्या करायचं कारण काय? टीव्ही तर इथून हलणार नाही. म्हणजे कुणीतरी माणूस हलणार. आणि या घरात हलवण्याजोगं जुनं सामान मी एकटीच. त्यात तू गळका नळ बदललास, दाराला रंग लावलास, फोन आला की गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलायला लागलास. मी मनात म्हटलं, झालं, घर विकतोय हा. मला कुठल्यातरी म्हाताऱ्यांच्या आश्रमात सोडणार आणि रडायला लागले तर हातात मोबाईल देणार, की घे आई, हे बघ तुझं घर. खडा टाकून बघायला मी जेवताना म्हटलं, हल्ली म्हाताऱ्यांसाठी फार छान जागा निघाल्यात म्हणे. तुला असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. माझा संशय पक्का झाला. मग एकदा तुझी ती हिरवी पट्टी मधेच विझली ना, तेव्हा वीजबीज काही गेली नव्हती. बटण मीच दाबलं होतं. तू वीजवाल्यांना शिव्या घालत होतास आणि मी पदरात तोंड घालून हसत होते. जरा बरं वाटलं.

पण हसून संशय जातो होय? शेवटी शेजारच्या शिवणवालीपुढे मन मोकळं केलं. ती कुणाचा तरी झगा आत घेत बसली होती. सगळं ऐकून घेतलं, दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, अहो ताई, कपडा लहान करायला आला की मी आधी एकच विचारते, घालणार कोण? माप त्याचं बघायचं. कपडा कुणाचा होता त्याच्याशी आपल्याला काय करायचंय! मी तिथून उठले ती तडक घरी. तू आंघोळीला गेला होतास. तुझ्या फोनवर बोट कसं फिरवायचं ते मला ठाऊक आहे, रोज माझ्या नाकासमोर तर फिरवतोस.

उघडून बघितलं तर काय, जिकडे तिकडे मीच. मी गॅलरीत गादी बडवतेय. मी सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढलीय. मी खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरतेय. मी कॅमेऱ्यावर लाटणं उगारून तुझ्या बाबांना ओरडतेय की बंद करा ते डबडं, आणि ते मागून खदाखदा हसतायत. तुझं पहिलं पाऊल नाही, तुझा शाळेतला नाच नाही, पडलेल्या दातांचं तुझं बोळकं नाही. अरे शहाण्या, माझ्यासाठी करत असतास तर त्यात तू असतास. मला माझं घोरणं कशाला हवंय? आई रोज डोळ्यांसमोर असेल त्यालाही ते नको असतं. ते माप माझं नव्हतंच, तुझं होतं. मग बाथरूममध्ये धरायला तू जो दांडा बसवलास तो आठवला. विकायच्या घरात असला दांडा कोण बसवतं? शिवणवाली हल्ली उगाच डोकावून जाते, तिलाही तू आधीच सांगून ठेवलंयस, आईकडे रोज एक चक्कर मारत जा म्हणून. विचारलं तर बया दोऱ्याचं टोक शोधायला लागली. आणि कपाटावर चादरीत गुंडाळलेली ती चाकांची बॅग. चादर माझी, तिची घडी मी घातलेली. आईच्या घडीत आईपासून बॅग लपवायची, एवढी अक्कल कुठून आणलीस?

हे पत्र त्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवतेय. म्हणजे तू हे वाचतोयस तर बॅग भरायला घेतलीस आणि मला अजून काही सांगितलं नाहीस. कुठली नोकरी, किती लांब, मी विचारणार नाही, तू सांगशील. जाऊ नको असंही म्हणणार नाही. पण न सांगता जाऊ नकोस. तुझे बाबा न सांगता गेले. त्यांना ते माफ आहे, त्यांना कुठं आधी ठाऊक होतं? तुला ठाऊक आहे. तेव्हा तो शर्ट खाली ठेव आणि बाहेर ये. मी स्वयंपाकघरात काही न कळल्यासारखी बसलेय. तू सांगितलंस की मी असा काही धक्का बसल्याचा आव आणीन की बघत राहशील. तेव्हा फोन समोर धर, आणि ती एक फिल्म मात्र लहान करू नकोस.

तुझीच, अजून पूर्ण मापातली,
आई