कुत्र्यासाठी चौथा शब्द

४ एप्रिल

कादंबरी मिळाली! पंप, इस्त्री, मिक्सर – अकरा वर्षं यंत्रांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं केली, आता एकदम कादंबरी. जुनी, जगभर वाचलेली. बर्फाळ रानातून टपालाची घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्याची गोष्ट. प्रकाशकांनी विचारलं, "कुत्र्यांची आवड आहे ना?" मी म्हटलं, "भयंकर." शब्द तरी खरा निघाला तोंडातून.

५ एप्रिल

ताईला फोन केला. ती इतकी हसली की तिला फोन खाली ठेवावा लागला. "तू? कुत्र्यावर? अगं, कॅलेंडरवर कुत्रा होता तर अख्खा महिना तू ते उलटं टांगलं होतंस." हे खरं आहे. आठव्या वर्षी पोटरीला चार टाके पडले होते. टाके निघाले, भीती राहिली.

८ एप्रिल

पहिलं प्रकरण झालं. बाहेर चाळीस अंश, पंखा गरम हवा ढवळतोय आणि मी लिहितेय, त्याच्या मिशांवर बर्फाचे मणी लोंबत होते. घामाचा थेंब नेमका 'बर्फा'वर पडला. शाई पसरली. बर्फ वितळला.

११ एप्रिल

प्रकाशकांचा फोन. दोन प्रकरणं वाचली म्हणे. माझंच एक वाक्य मला वाचून दाखवलं – 'कुत्र्यास गाडीस जोडण्यापूर्वी पट्टे घट्ट बसले असल्याची खात्री करावी.' मग शांतपणे म्हणाले, "बाई, याची वॉरंटी किती वर्षांची?"

मी ते वाक्य खोडलं.

"आणि तुमचा कुत्रा पळत नाही. गाडीवाला त्याला 'पुढे जा' म्हणतो. 'पुढे जा' म्हटल्यावर कुत्रा जातो का? तो काय रांगेत उभा आहे?"

पंचवीस तारखेपर्यंत तिसरं प्रकरण द्यायचं. कुत्रा पळाला तर पुस्तक माझं, नाहीतर प्राध्यापकांचं. हे प्राध्यापक म्हणजे ज्यांच्या भाषांतरात कुणी पाणी पीत नाही, जलप्राशन करतात. त्यांच्या हातात गेला की त्याचा 'श्वान' होणार आणि तो जागच्या जागी गोठणार. फार वाईट वाटलं. त्याच्यापेक्षा स्वतःसाठी जास्त. हे पुस्तक गेलं तर मी जन्मभर इस्त्रीच्या डब्यातच राहणार.

१२ एप्रिल

सकाळभर यादी केली. आपल्या भाषेत कुत्र्याशी बोलायला तीन शब्द. बोलवायचं तर 'यू यू'. कुणाच्या अंगावर सोडायचं तर 'छू'. हाकलायचं तर 'हाड'. संपलं! आपण त्याला बोलावतो, लोकांवर सोडतो, नाहीतर हाकलतो. बरोबर घेऊन कुठे जातच नाही, तर शब्द येणार कुठून? बैलाला हाकायचे शब्द आहेत, पण ते वापरले तर कुत्र्याला शिंगं फुटतील.

कुत्र्यांमधलं कळणारा एकच माणूस माझ्या ओळखीचा. तो खालीच राहतो. कुत्र्यासकट.

१३ एप्रिल

पोस्टमनकाका तळमजल्यावर एकटे असतात. चौतीस वर्षं टपाल वाटलं, त्यात सात कुत्री चावली, आणि निवृत्त झाल्या झाल्या यांनी कुत्रा पाळला. "शत्रू डोळ्यांसमोर असलेला बरा," म्हणतात. त्याचं नाव नॉटपेड. कुणीतरी पिल्लू दारात टाकून गेलं होतं. "तिकीट न लावता! असं टपाल परत कुठे पाठवणार? ज्याच्या दारात आलं त्यानंच पैसे भरून सोडवून घ्यायचं."

नॉटपेड आता वासराएवढा झालाय आणि दिवसभर जिन्याच्या तोंडाशी आडवा पडलेला असतो. म्हणून मी तीन वर्षं मागच्या लोखंडी जिन्यानं ये-जा करते.

आज पुढच्या जिन्यानं उतरले. बारा पायऱ्या. सात उरल्या आणि पाय उचलेनात. तिथूनच विचारलं, "काका, याला चालवायचं असलं की काय म्हणता?"

काका म्हणाले, "ते आमचं खाजगी आहे."

१५ एप्रिल

पाच उरल्या. प्रयोग केले. 'यू यू' – एक कान हलला. 'पुढे जा' – पुन्हा झोपला. 'हाड' म्हटल्यावर ओठांवरून जीभ फिरवली. काका म्हणाले, "तसं म्हणू नका हो, त्याला वाटतं तुम्ही आणलंय."

१६ एप्रिल

चार वाजता काका त्याला फिरायला नेतात. खिडकीतून नीट पाहिलं. खाली वाकतात, कानात काहीतरी पुटपुटतात आणि ते धूड ताडकन उठतं. शेपटी वर! एकच शब्द असणार, काकांचे ओठ फार हलत नाहीत.

१७ एप्रिल

चार उरल्या. काही ऐकू आलं नाही. मला वाटतं, काका मुद्दाम हळू बोलतात.

१९ एप्रिल

आजचं लिहू की नको? लिहिते. कोण वाचणार आहे?

'छू' राहिला होता. धोक्याचा म्हणून शेवटी ठेवला होता. काका आत होते, रस्त्यावर कुणी नव्हतं. चौथ्या पायरीवर कठडा घट्ट धरून जोरात म्हटलं, "छू!" आणि नेमके त्याच क्षणी प्रकाशक फाटकातून आत आले. सहज डोकवायला, काम कुठवर आलंय बघायला.

नॉटपेडनं डोळासुद्धा उघडला नाही. प्रकाशक मात्र – साठी उलटलेली, दोन्ही गुडघे दुखतात – रस्ता ओलांडून पलीकडच्या बाकावर उभे! तिथूनच ओरडले, "हाच का तुमचा आवडता प्राणी?"

तर 'छू' म्हटल्यावर पळतात. पण भलतेच.

२१ एप्रिल

काकांचा मुलगा आला होता. दार उघडं होतं, मला वर सगळं ऐकू येत होतं. "बाबा, तिकडे लिफ्ट आहे, डॉक्टर कोपऱ्यावर आहेत. परवा चक्कर येऊन पडलात, ते मला शेजाऱ्यांकडून कळतंय. आता बास."

"आणि हा?"

"आमच्या इमारतीत कुत्रा चालत नाही."

काका म्हणाले, "चालत नाही? चार वाजता बघ किती चालतो."

मुलगा हसला नाही. ठरलं. तीस तारखेला काका जाणार. नॉटपेडला एक कोंबड्यांच्या शेडवाला नेणार, राखणीला. साखळीवर ठेवणार म्हणे, दिवसरात्र.

मला वाईट वाटायचं काहीच कारण नाही. उलट पुढचा जिना मोकळा होईल. तरी रात्री जेवण गेलं नाही.

२३ एप्रिल

दोन उरल्या. काका खुर्ची टाकून दारात बसले होते. "बसा," म्हणाले. बसले, पायरीवरच. नॉटपेड हातभर अंतरावर. श्वास घेतला की त्याचं पोट भात्यासारखं वरखाली होतं. माझंही होत होतं.

काकांनी खुर्ची जराशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "चौतीस वर्षं दारोदार एकच शब्द ओरडलो. तो ऐकला की माणसं हसत बाहेर यायची आणि कुत्री अंगावर. निवृत्त झालो त्या दिवशी शब्द संपला. घरात कुणाला ओरडून दाखवणार? मग हा आला. खात नव्हता, उठत नव्हता. एकदा गंमत म्हणून याच्या कानात म्हटला. तर उठला, आणि चालायला लागला बरोबर."

"कुठला शब्द?"

खुर्चीतून वाकून, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "टपाऽऽल."

एवढ्या हळू, तरी नॉटपेडचं डोकं वर!

"मोठ्यानं का नाही म्हणत?"

"म्हटला होता एकदा. तीन दारं उघडली. लोक हात पुढे करून उभे. आणि माझ्याकडे द्यायला काही नाही." काका हसले, पण डोळे पुसले. मग म्हणाले, "त्या कोंबडीवाल्याला नाही सांगितला. त्यानं विचारलाच नाही. तुम्ही दहा दिवस पायरीवर उभं राहून विचारताय."

मलाही रडू आलं. कुत्र्यासमोर. आठव्या वर्षानंतर पहिल्यांदाच, आणि वेगळ्या कारणानं.

२४ एप्रिल

बसल्या बैठकीला तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलं. किती सोपं होतं! घसरगाडीवर काय लादलंय? टपालाच्या थैल्या. पहिल्याच दिवशी मी लिहिलंय इथे, वर, माझ्याच हातानं. काखेत कळसा न् गावाला वळसा. गाडीवाला हाताची ओंजळ तोंडाशी धरतो आणि वाऱ्यावर हाक सोडतो – 'टपाऽऽल!' आणि सगळी कुत्री एकदम उठतात.

२५ एप्रिल

प्रकरण दिलं. प्रकाशक फाटकाबाहेर उभे राहूनच घेऊन गेले.

२६ एप्रिल

फोन आला. एकच शब्द – "पळाला."

पुस्तक माझं! काकांना सांगायला धावत उतरले. एकच पायरी उरली. तिथून सांगितलं. काका नॉटपेडला म्हणाले, "ऐकलंस का रे? छापून येणार आपलं." मुलाला हे सांगू नका, एवढं मला बजावलं. त्याला वाटेल बापाला पुन्हा चक्कर आली.

२९ एप्रिल

काकांची ट्रंक बाहेर आली. नॉटपेड तिच्यावरच झोपलाय.

३० एप्रिल

काका नऊला गेले. नॉटपेडच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत बसले. मला म्हणाले, "शब्द तुमच्याकडे आहे. जपून वापरा."

अकराला कोंबडीवाला टेम्पो घेऊन आला. यू यू केलं, चुचकारलं, साखळी ओढली, मागून ढकललं. नॉटपेड धान्याच्या पोत्यासारखा. अर्ध्या तासानं घामाघूम होऊन त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी शेवटच्या पायरीवर. "बाई, म्हातारा याला काहीतरी म्हणायचा म्हणे. काय ते माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही हो," म्हटलं.

"असला राखणदार कोंबड्याच पळवून नेतील," म्हणाला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. पुस्तक निघाल्यावर वाचेल बिचारा.

चार वाजता शेवटची पायरी उतरले. वाकून कानात म्हणायचा धीर होईना, म्हणून उभ्यानंच ओरडले. तीन दारं उघडली. नॉटपेड उठला.