वाढायला तयार

मंगळवार संध्याकाळ, मॉरिसव्हिल

आज ऑफिसात माझी चूक निघाली. ती चूक होती असं मला अजूनही वाटत नाहीये.

आखातातल्या हॉटेलांत वाया जाणारं अन्न मोजायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतोय. तिथल्या किचनमध्ये कचऱ्याच्या डब्यावर कॅमेरा असतो. त्याचे फोटो बघून मी मशीनला शिकवते: हे हाड, हे साल, हा उष्टा पाव. आज एका फोटोत डब्याच्या तोंडावर धरलेला बिर्याणीचा अख्खा ट्रे होता. चमचासुद्धा लागलेला नाही, वर तळलेला कांदा जसाच्या तसा. मी लेबल लावलं, 'वाढायला तयार'.

लगेच योगेशचा, माझ्या मॅनेजरचा फोन. "अगं, कॅमेरा डस्टबिनवर आहे ना? मग दिसतं ते सगळं वेस्टच. चेंज कर यार."

"पण कोणी हातही लावला नाहीये."

"बुफे बंद होईपर्यंत ट्रे भरलेले दिसावे लागतात त्यांना. मग उरतं ते टाकतात. रोजचंच आहे."

रोजचंच. जिथे प्यायचं पाणीही समुद्राचं मीठ काढून करावं लागतं, तांदूळ जहाजाने येतो, तिथे. आणि तो कांदा, इतका निगुतीनं कोणी पसरला असेल? बरं, आमचं सॉफ्टवेअर तरी काय करणार? टाकू नका असं ते कोणाला म्हणणार नाही. नुसतं मोजणार.

शेवटी मी लेबल बदललं. चमचाही न लागलेला भात म्हणजे कचरा, हे आता मशीनला कळेल. ते माझ्यासारखी हुज्जत घालत नाही. एकदा सांगितलं की शिकतं.