मागच्या दाराची तार

सोमवार, १५ सप्टेंबर
मागचं दार आजपासून नवं. रँडी कोझॅक नावाचा माणूस बसवून गेला. साडेनऊला आला, दोनला गेला, जाताना केरसुद्धा स्वतः काढला. आता हिवाळ्यात किचनमध्ये वारा घुसायचं नाव नको.

शेलीला ऑटावाला फोन करून सांगितलं, बघ, तुझा बाप एकटा घर कसं चालवतोय ते. ती म्हणाली, छान डॅड, पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगला येते तेव्हा बघू. हे 'बघू' मला कळतं. तिची आई, आयरीन, जाऊन चौदा महिने झाले आणि तेवढेच महिने शेलीच्या पर्समध्ये 'सीडर कोर्ट'चं रंगीत पत्रक आहे. म्हाताऱ्यांनी राहायची जागा. जेवण, नर्स, बिंगो, सगळं आत. मागच्या वेळी तिला स्पष्ट सांगितलं होतं, थँक्सगिव्हिंगपर्यंत घरात एक जरी गोष्ट बिघडलेली दिसली तर तू म्हणशील तिथे येतो. अख्ख्या पीटरबरो गावात माझ्याइतकं टापटीप घर कुणाचं नाही, त्यामुळे हे बोलायला काही धोका नव्हता.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
चोरांसाठीचा अलार्म लागत नाहीये.

मंगळवार, १६ सप्टेंबर
कारण सापडलं. दाराच्या चौकटीतून अलार्मची एक पांढरी बारीक तार जायची. रँडीने जुनी चौकट करवतीने कापली, त्यात तीही कापली, आणि वरून फटी बुजवायचा पिवळा फोम मारला. दोन बोटं तार बाहेर लोंबतेय. भिंतीवरच्या डबीला वाटतंय दार उघडंच आहे. लाल दिवा, आणि मधूनच ती बाईच्या आवाजात म्हणते, 'बॅक डोअर'.

उद्या रँडीशी कडक बोलायचं. चौतीस वर्षं शाळेत उपमुख्याध्यापक होतो. नववीची पोरं माझ्या नुसत्या नजरेने च्युइंगम गिळायची.

बुधवार, १७ सप्टेंबर
रँडीशी बोललो. सुरुवात कडकच केली होती. म्हटलं, सॉरी, कामात त्रास देतोय. तो म्हणाला, तार? कुठली तार? आम्ही दारवाले बॉस, तारांचं आम्हाला काही कळत नाही, अलार्मवाल्याला बोलवा. मी म्हटलं, बरोबर आहे, सॉरी. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तार त्याने कापली आणि सॉरी दोनदा मी म्हटलं. पण त्याला माझा सूर जाणवला असणार.

अलार्म दुरुस्त होईपर्यंत घर सोडायचं नाही, असं ठरवलं. शिस्त म्हणजे शिस्त.

शुक्रवार, १९ सप्टेंबर
खिडकीवरच्या अलार्म कंपनीच्या स्टिकरवरचा नंबर लावला. चाळीस मिनिटं संगीत. मग एक मुलगी लाइनवर आली. खातेनंबर विचारला. म्हटलं, ते सगळं माझी बायको बघायची, ती आता नाही. ती म्हणाली, सो सॉरी. मीही म्हटलं, सॉरी. तिने नुसता पत्ता लिहून घेतला. म्हणाली, टेक्निशियन ९ ऑक्टोबरला येईल, पण त्याआधी दारवाल्याकडून फोम काढून ठेवा, आमचा माणूस फोमला हात लावत नाही.

रँडीला कळवलं. तो म्हणाला, फोम काढला तर दाराची गॅरंटी गेली. अलार्मवाल्याने आधी येऊन नेमकी जागा दाखवावी. अलार्मवाला आधी येणार नाही, रँडीही आधी येणार नाही. मी मध्ये. पण दोघेही माझ्याशी फार सभ्यपणे वागतात, ही जमेची बाजू.

सोमवार, २२ सप्टेंबर
दूध संपलं. शेजारची डेलफिना घेऊन आली, सोबत तिच्या हातच्या कस्टर्डच्या टार्ट. म्हणाली, अरे क्लिफ, आठवडाभर दुकानात दिसला नाहीस, मला वाटलं पडलास की काय. अलार्मचं सांगितलं तर कमरेवर हात ठेवून हसली. म्हणाली, त्रेचाळीस वर्षं झाली मला या गल्लीत, माझं मागचं दार मी एकदाही लावलेलं नाही. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरची बाई. भाबडी.

गुरुवार, २५ सप्टेंबर
स्वतःच तार जोडली. यूट्यूब बघून. चिकटपट्टी गुंडाळली. यशस्वी.

गुरुवार, २५ सप्टेंबर, दुपारी
आता ती डबी दर चार मिनिटांनी 'बॅक डोअर' म्हणते.

शनिवार, २७ सप्टेंबर
आयरीन नेहमी मागच्या दारानेच यायची, बागेतून, चिखलाच्या बुटांनी. डबी म्हणायची 'बॅक डोअर' आणि मी बाहेरच्या खोलीतून ओरडायचो, बूट काढ! आज सकाळी सहा-सात वेळा तोंडातून निघून गेलं. डेलफिना दारातच होती. तिने मुकाट्याने बूट काढले.

चिकटपट्टी काढायला हवी. उद्या काढतो.

मंगळवार, ३० सप्टेंबर
रँडी स्वतःहून आला! माझ्या पाठपुराव्याचा परिणाम. चौकटीकडे बघून म्हणाला, शिकारीला जायच्या आधी हे उरकून टाकू बॉस, टेन्शन घेऊ नका. मूस, म्हणजे घोड्याएवढं हरीण, त्याच्या शिकारीच्या परवान्याची सोडत असते, रँडीच्या ग्रुपला नऊ वर्षांनी लागलाय. शनिवारी उत्तरेला निघतायत. मी सगळं विचारलं, कॅम्प कुठे, किती जण, बंदूक कुठली. दोन कॉफी झाल्या. मग म्हणाला, एकच अडचण आहे, मांस आणायला मोठा कूलर, बर्फ भरायची पेटी, नाही. माझा निळा कूलर दिला. नऊ वर्षांनी परवाना लागलेल्या माणसाला कूलर नाही म्हणणारा पीटरबरोत अजून जन्मायचाय.

तो गेल्यावर आठवलं, फोम राहिला.

गुरुवार, २ ऑक्टोबर
कर्लिंग क्लबचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या आमच्या खेळाचा, सीझन आज सुरू झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा गेलो नाही. घर सोडता येत नाही ना. टीममधल्या हर्व्हीने फोन केला, म्हणाला, तुझ्या जागी दुसरा घेतला, तात्पुरता. म्हटलं, सॉरी.

शनिवार, ४ ऑक्टोबर
रँडी गेला. जाता जाता मेसेज, आलो की पहिलं काम तुमचं. सोबत निळ्या कूलरचा फोटो.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
शेलीचा फोन. मागून डबी दोनदा बोलली. शेली म्हणाली, डॅड, कोण आलंय? म्हटलं, डेलफिना येते-जाते. पुन्हा बोलली. शेलीने विषय बदलला. मग म्हणाली, डॅड, कर्लिंगला गेला होतास ना? म्हटलं, हो, मस्त झालं.

मुलीशी खोटं बोललो. वाईट वाटलं. पण परवा टेक्निशियन येतोय, मग सगळं खरंच होईल.

बुधवार, ८ ऑक्टोबर
सुरीने स्वतःच फोम खरवडला. गॅरंटी गेली तर गेली. दाराखालून गार वारा येतोय.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
टेक्निशियन आला. वॉरन. शांत, जाडजूड माणूस, बूट दारातच काढले. टॅबलेटवर पत्ता टाकला, पुन्हा एकदा टाकला. मग म्हणाला, सर, हे खातं बंद आहे.

मी म्हटलं, बिघडलेलं असेल. तो म्हणाला, बिघडलेलं नाही, बंद. ऑक्टोबर २०२२ पासून. तीन वर्षं ही डबी आमच्याकडे काहीच कळवत नाही. दार उघडलं की बोलते, बाकी चोर आला तरी कुणाला पत्ता लागणार नाही. मी विचारलं, कुणी बंद केलं? त्याने टॅबलेट माझ्याकडे वळवला. आयरीन ब्रुबेकर. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, नवऱ्याच्या हातून सारखा चुकून वाजतो, पोलिसांसमोर लाज वाटते.

वॉरनला कॉफी दिली. त्याने सॉरी म्हटलं, मीही म्हटलं. तार जोडू का, म्हणाला. जोडून काय होईल, विचारलं. म्हणाला, बोलायची थांबेल. म्हटलं, मग राहू दे.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
आज काही केलं नाही. खुर्चीत बसून होतो.

झोपायच्या आधी आयरीन त्या डबीवर चार आकडे दाबायची आणि म्हणायची, लावलाय क्लिफ, झोप आता. २०२२ नंतरही म्हणायची. आजारात भिंत धरून चालायची, तेव्हासुद्धा आधी डबीपाशी जायची. आणि मी लगेच घोरायला लागायचो. माझ्यामागे एवढं सांभाळून घेणारं कुणी होतं, हे मला आज कळलं, तेही जाडजूड परक्या माणसाकडून. फार एकटं वाटतंय.

सोमवार, १३ ऑक्टोबर. थँक्सगिव्हिंग
शेली आली. टर्की आणि पम्पकिन पाय डेलफिनाने पाठवली, मी ओव्हन चालू करायला विसरलो होतो. शेलीने दाराखाली टॉवेल खोचला. डबी बोलली. शेलीने बघितलं, चिकटपट्टी बघितली, खरवडलेला फोम बघितला. टॉवेल परत नीट केला. ते जास्त लागलं.

शेवटी मीच सगळं सांगितलं, कर्लिंगचंसुद्धा. खातं बंद असल्याचंही. ती म्हणाली, मला माहीत होतं डॅड, मॉमने शपथ घातली होती. मग रडली. मीही.

पत्रक तिने काढलं नाही. मीच म्हटलं, काढ. बुधवारी दुपारी दोनला सीडर कोर्ट बघायला जायचंय. नुसतं बघायला. तिथे दारांना अलार्म आहेत म्हणे. मी विचारलं, तारा कोण बघतं? शेली म्हणाली, डॅड, प्लीज.

त्याच दिवशी, दुपारी ४
रँडीचा फोन! मूस मिळाला, सहाशे किलोचा. कूलरमध्ये माझ्यासाठी सॉसेज ठेवलेत. आणि तारेचं काम शंभर टक्के पक्कं, बुधवारी दुपारी दोनला येतो.

म्हटलं, सॉरी रँडी, दोनला मी घरी नसेन. तो म्हणाला, मग आत कसा येऊ बॉस?

म्हटलं, मागचं दार उघडंच ठेवतो.